सीताखाईच्या कडेवरचे दगड

अमळनेर स्टेशनवर मी पोहोचलो तेव्हा शेठजी बाकावर येऊन बसले होते. हातात कापडी पिशवी, डोक्यावर काळी टोपी. मला पाहताच म्हणाले, "मास्तर, उशीर केला." गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.

शेठजींचे वडील राजस्थानातून इकडे आले आणि कापडाचे दुकान काढून स्थायिक झाले. मी कॉलेजात होतो तेव्हा दर मंगळवारी त्यांच्या घरी जेवत असे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शेठजींचे आणि त्यांच्यासारख्या आणखी काही घरांचे अन्न पोटात गेले म्हणून पदवी घेऊ शकलो. त्यांचा मुलगा कांती माझ्या वर्गात होता. गेल्या आषाढात तो तोरणमाळचा धबधबा पाहून येतो म्हणून निघाला आणि परत आलाच नाही. कोणी म्हणे मुंबईला पळाला, कोणी म्हणे तिथल्या गोरखनाथाच्या देवळात साधूंना जाऊन मिळाला. शेठजींनी दुसरी गोष्ट धरून ठेवली होती: तो तिथल्या दरीत कुठेतरी अडकला आहे, पण जिवंत आहे. माघ लागल्यावर त्यांचा निरोप आला, "सोबत चला." मी शाळेतून रजा काढली.

दोंडाईच्यापर्यंत रेल्वे, पुढे शहाद्यापर्यंत एसटी आणि तिथून लाकडे आणायला वर जाणारा रिकामा ट्रक, असा आमचा प्रवास झाला. दोन्ही बाजूंना सागाची पानगळ झालेली होती. घाटात वळण आले की शेठजी डोळे मिटत. अर्ध्या वाटेवर ट्रकचे चाक बसले आणि ते बदलेपर्यंत ऊन डोंगराआड गेले. शेठजी जैन, सूर्यास्तानंतर तोंडात काही घालत नाहीत. पिशवीतले खाकरे (कडक भाजलेली पातळ पोळी) तसेच राहिले.

विश्रामगृहाचा चौकीदार शहाद्याकडचा होता. सगळे त्याला आबा म्हणत. दिवाळीनंतरच तो इथे नोकरीला आला होता. शेठजी उपाशी झोपणार हे ऐकून तो म्हणाला, "शेठ, आठे डोंगरमा सूर्य लवकर बुडस. आमना सूर्य तुमना धरमले काय ओळखस?" (इथे डोंगरात सूर्य लवकर बुडतो. आमच्या सूर्याला तुमचा धर्म काय ठाऊक?) शेठजी किंचित हसले. त्या प्रवासात ते हसले ते तेवढेच.

सकाळी तोरणमाळ पाहिले. खाली खानदेशात अशी थंडी मी अनुभवली नव्हती. गवतावरचे दव गोठून पांढरे झाले होते आणि यशवंत तलावावरून वाफ निघत होती. कुठल्या ऋतूत काय पाहावे हे आबा, ऐकीव का होईना, मोठ्या अभिमानाने सांगत होता. उन्हाळ्यात जळगाव-धुळे भाजून निघते तेव्हा इथे पांघरूण लागते. जंगलात चारोळ्या आणि आंबे. पावसाळ्यात इतके धुके की शेजारचा माणूस दिसत नाही, आणि सीताखाईच्या दरीत धबधबा. "तो आवाज आयका, म्हणजे बठ्ठं ईसरी जाशात," (तो आवाज ऐकलात की सगळं विसरून जाल) आबा म्हणाला. शेठजींनी विचारले, "पावसाळ्यात तिथं कठडा असतो का?" आबाने नकारार्थी मान हलवली.

गोरखनाथाच्या देवळात धुनीपाशी एक म्हातारा साधू बसला होता. शेठजींनी कांतीचा फोटो त्याच्यापुढे धरला. साधूने तो उजेडात नेऊन नीट पाहिला आणि परत दिला. "इथे येणारा प्रत्येक जण कोणाचा तरी मुलगाच असतो, शेठ. हा आला नाही."

तिथून रायसिंग नावाचा एक पावरा माणूस आम्हाला सीताखाई दाखवायला घेऊन निघाला. पावरा म्हणजे या डोंगरातले आदिवासी. आबाही सोबत होता. वाटेत शेठजी रायसिंगला पुन्हा पुन्हा विचारत होते, खाली गुहा आहेत का, गुहेत माणूस राहू शकतो का, खायला काय मिळते. "कंद मिळतात," रायसिंग म्हणाला. शेठजींच्या चालण्यात एकदम जोर आला. मला आणि आबाला मागे टाकून ते पुढे गेले.

दरी अचानक समोर येते. जमीन संपते आणि खाली उभे काळे कातळ. त्या कडेवर दगडांची कमरेएवढी रास होती. आबा म्हणाला, "शेठ, हाऊ नवसना ढीग शे. एक दगड ठेवा नि मनमा मांगा. बठ्ठा पाव्हणा ठेवतस." (हा नवसाचा ढीग आहे. एक दगड ठेवा नि मनात मागा. सगळे पाहुणे ठेवतात.) आमच्याकडे देवस्थानी घर व्हावे म्हणून दगडावर दगड रचतात, त्यामुळे मलाही त्यात नवल वाटले नाही. शेठजींनी टोपी काढली, एक गुळगुळीत दगड शोधला, कपाळाला लावला आणि हलकेच वर ठेवला. मीही ठेवला.

रायसिंग बाजूला उभा राहून पाहत होता. शेठजींचे ओठ हलायचे थांबले तेव्हा तो म्हणाला, "नवस नाही हा. माणूस मेला, त्याचा आहे."

आबा म्हणाला, "काय बोलस रे?"

"घरचं कोणी जवळ नसताना माणूस मेला, तर जाता-येता दगड टाकायचा. त्याला एकटं वाटायला नको." रायसिंगने दरीकडे हात केला. "पाणी ओसरल्यावर सापडला. पाण्यानं चेहरा राहिला नव्हता. खाली पुरला. खाली शहाद्याला पोलिसांकडे निरोप पाठवला होता, कोणी आलं नाही. मग पाहुणे लोक दगड टाकायला लागले. आम्हाला वाटलं, चांगले लोक आहेत."

शेठजींनी फार हळू विचारले, "त्याचे हात पाहिले होते तुम्ही?"

रायसिंगने आपल्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी डाव्या हाताचे एक बोट टेकवले.

कांतीला त्या हाताला जन्मापासून सहा बोटे होती. वर्गात आम्ही त्यावरून त्याला चिडवत असू आणि तो म्हणे, "एक जास्तीचंच आहे, तुम्हाला का जळायला होतं?"

शेठजी राशीकडे वळले. आपला दगड उचलायला त्यांनी हात पुढे केला. "मी दुसरंच काही मागितलं होतं," ते म्हणाले. रायसिंगने त्यांचे मनगट धरले. "टाकलेला उचलत नाहीत, बाबा."

तेवढ्यात धुळ्याच्या कॉलेजची सहल येऊन पोहोचली. मुलेमुली हसत-ढकलत कडेवर आली. एका मुलीने दगड हातात घेऊन शेठजींना विचारले, "काका, हाच ना तो नवसाचा? परीक्षा आहे आमची."

मी बोलणार होतो. शेठजींनी मला हाताने थांबवले. "हाच," ते म्हणाले. "ठेव, बेटा. सगळ्यांना ठेवायला सांग." मुले एकेक करून दगड ठेवत गेली. शेवटचा मुलगा हात झटकून निघेपर्यंत शेठजी टोपी हातात धरून उभे होते.

त्याच दिवशी आम्ही उतरलो. इतकी वर्षे ज्या घराचे खाल्ले त्या घरासाठी मी काय केले, तर फक्त सोबत गेलो. पदवी घेतलेल्या माणसाला अशा वेळी काहीतरी बोलता यावे असे वाटते. मी साऱ्या प्रवासात त्यांची पिशवी तेवढी सांभाळली.

अमळनेरला स्टेशनवरून टांगा केला. टांग्याचा आवाज ऐकून शेठाणीबाई दारात आल्या. मी उतरलो, शेठजी उतरले. बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलेच नाही. आमच्यामागून आणखी कोण उतरते, ते त्या पाहत होत्या. टांगेवाल्याने घोडा वळवला, टांगा रिकामा गल्लीच्या टोकाला गेला, तरी त्या त्याच्याकडेच पाहत उभ्या होत्या.