रिकाम्या बंबाची घंटा

उतारवयात प्रथमच लेखणी धरणाऱ्याने निदान एखादा निरुपद्रवी विषय निवडावा, एवढी जाण मला आहे. आयुष्यभर इतरांचे लेखन वाचले, समासात पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. स्वतःच्या चार ओळी कुणापुढे ठेवण्याचे धाडस मात्र झाले नाही. तेव्हा या आगंतुकपणाबद्दल आधीच क्षमा मागते. परवा दसऱ्याला अग्निशमन केंद्रावरून जाताना झेंडू आणि डिझेल यांचा एकमेकांत मुरलेला तो वास आला नसता, तर मी आजही गप्पच राहिले असते.

फाटकात नवी लालभडक गाडी पूजेसाठी उभी होती. चाकांखाली लिंबे, पुढे फोडलेला नारळ. पण त्या वासासरशी मला दिसले ते सत्तरच्या दशकाच्या अखेरचे, भंडारा जिल्ह्यातले वैनगंगेकाठचे आमचे लहानसे शहर आणि तिथला बंब. अग्निशमन वाहन असे भारदस्त नाव त्याला कुणी दिले नव्हते. त्याला भोंगाही नव्हता. एक पितळी घंटा होती आणि चालकाशेजारी बसलेला माणूस तिची दोरी ओढी. आगी तशा क्वचितच लागत, तरी बंबाला उसंत नसे. विहिरी आटल्या की तो मोहल्ल्यामोहल्ल्यात पाणी पोहोचवी. नदी फुगली की कौलांवर चढून बसलेल्या माणसांना त्याची माणसे उतरवून आणीत. एकदा विहिरीत पडलेली म्हैस त्यांनी दोरखंडांनी वर काढली, तेव्हा तिचा मालक त्यांचे आभार मानायचे सोडून म्हशीलाच रागे भरत राहिला. सणासुदीला आम्ही देवळात जात असू. पण आमचा नित्याचा भरवसा, खरे सांगायचे तर, त्या लाल पत्र्याच्या टाकीवर होता.

बंब चालवणारे गृहस्थ आमचे शेजारी. मी त्यांना काका म्हणे. दसऱ्याला ते मला उचलून पुढच्या आसनावर बसवीत, दोरी हातात देत आणि सांगत, "घंटा आयकू आली का समजाचं, पानी आलं." पुढे मी पुष्कळ ग्रंथ वाचले, इतक्या निःशंकपणे दुसऱ्या कुठल्या वाक्यावर विसंबल्याचे आठवत नाही.

नदीवरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, ओलांडला की पलीकडच्या खेड्यात माझी मावशी राही. आश्विनात निसवलेल्या हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाच्या लोंब्यांची एक जुडी ती दर दसऱ्याला माझ्या हाती बंबासाठी पाठवी. काका ती घंटेखाली बांधीत. चिमण्यांनी दाणे टिपून नेले, तरी वाळलेली जुडी वर्षभर तिथेच डुलत असे.

मी महाविद्यालयात शिकत असतानाची गोष्ट. मळणीच्या दिवसांत मावशीकडे गेले होते. कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचून उभारलेले ढीग, ज्यांना आमच्याकडे पुंजणे म्हणतात, खळ्यात शेजारीशेजारी उभे होते. एक जाड्या धानाचा, घरच्या वर्षभराच्या जेवणाचा. दुसरा चिन्नोर या सुवासिक धानाचा, त्याचे बियाणे मावशीच्या सासऱ्यांपासून त्या घरात चालत आलेले, आणि पुढच्या हंगामाचे बीही त्यातूनच काढायचे होते. भर दुपारी पहिल्या पुंजण्यातून धूर निघाला. ठिणगी कुठून आली, ते शेवटपर्यंत कळले नाही.

पहिला पुंजणा हातचा गेलाच होता. दुसरा तरी वाचावा म्हणून अवघे गाव धावले. नदीपासून खळ्यापर्यंत माणसांची रांग लागली. भरल्या घागरी हातोहात येत आणि चिन्नोरवर रित्या होत. सायकलवरून एक जण बंबासाठी शहरात केव्हाच गेला होता. त्या धांदलीतही मावशीची शेजारीण एका नव्या जावयाला म्हणाली, "जावईबापू, घागर सांभाळा जी, अर्धं पानी धोतरावरच सांडून राहिलं!" माणसे हसली. चिन्नोर चिंब होत होता. आता तो वाचणार, असे साऱ्यांनाच वाटू लागले होते.

तेवढ्यात नदीच्या रपट्यावरून घंटा ऐकू आली.

मावशीनेच हात उंचावला. "ठेवा वो घागरी! बंब आला! वाट द्या त्याले!" घागरी जिथल्या तिथे खाली ठेवल्या गेल्या. रांग दुभंगली, लोक दोन्ही बाजूंना सरले आणि त्यांच्या मधून, जुडी डोलवत, काकांचा बंब खळ्यात शिरला. नळी उलगडली गेली. तिच्या तोंडून एक खाकरल्यासारखा आवाज आला, थोडे गढूळ पाणी गळले आणि मग नुसती हवा. एवढ्या अवधीत वारा फिरला होता. चिन्नोरच्या कोरड्या राहिलेल्या बाजूने ज्वाळा वर चढल्या. घागरी पुन्हा उचलेपर्यंत त्याच्या जवळ जाण्याजोगे काही उरले नाही.

"पानी कुठी हाये, भाऊ?" मावशीने विचारले.

"सभेच्या पटांगनावर शिंपडलं, बाई. पुढारी येनार, धूळ उडाले नोको म्हनून सायबाचा हुकूम होता. नदीतलं पानी ओढाचा नळ बी तिथंच राहिला," काका म्हणाले.

"मंग घंटा काहून वाजवली?"

काका रिकामी नळी गुंडाळू लागले. "नसती वाजवली, तं लोकं म्हनले असते, बंब आलाच नाही."

"आलाच नसता तं बरं झालं असतं," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

साहेबांचा मला राग आला नाही असे नाही. पण साहेबांनी मला कधी कोणते वचन दिले नव्हते. टाकी कोरडी आहे हे ठाऊक असून सबंध रपटाभर ती दोरी ओढू देणारा माणूस माझा होता. ते वाक्य मला शिकवणाराही तोच होता, हे शल्य आजवर बोथट झालेले नाही.

पुढच्या दसऱ्याला काकांनी फाटकात मला हाक मारली. "मावशीची जुडी नाही आली का वं यंदा?" त्यांच्या स्वरात अजाणपणा होता की अपराध, हे मला तेव्हा उमगले नाही आणि आजही उमगत नाही. मी सरळ घरात निघून गेले. पुढील उन्हाळ्यांतही बंब आमच्या दारी पाणी घालीत राहिला, आम्ही ते पीत राहिलो. मावशी आता नाही, काकाही नाहीत. चिन्नोरचे बियाणे मावशीला नंतर दुसऱ्या गावातून मिळाले होते. पण त्या भाताला पूर्वीचा वास नाही, असे ती अखेरपर्यंत म्हणत असे.

परवा पूजा चालू असतानाच कुठूनसा निरोप आला आणि ती नवी गाडी माळांसकट भोंगा वाजवत निघाली. रस्त्यावरचे सारे क्षणात बाजूला झाले, मीही झाले. मात्र हातातली पिशवी मी खाली ठेवू शकले नाही. ती घट्ट धरून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले. तुम्ही त्या दिवशी रांगेत असता आणि रपट्यावरून घंटा ऐकू आली असती, तर तुम्ही हातातली घागर खाली ठेवली असती का?