कॉम्प्युटरच्या पोटातली माहेरची खोली

शेखरचा फोन आला तेव्हा मी पानशेतला एका टपरीवर भज्यांची दुसरी प्लेट मागवून बसलो होतो. ‘काका, आई गेली... झोपेतच.’ शेखर माझा पुतण्या, म्हणजे त्याची आई ही माझी थोरली वहिनी, मालनवहिनी. पुढं तो काय बोलला ते डोक्यात शिरलंच नाही. भजी समोर आली आणि तशीच निवली. त्याही घटकेला वाटलं, वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, ‘भावजी, पैसं दिल्यात न्हवं? मग खावा की!’ या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. रडून झालंय. लिहायला बसलो की हसूच येतंय, आणि त्याला माझा इलाज नाही.

वहिनींचं माहेर गुंजवण्याकडचं, राजगडाच्या पायथ्याचं. लग्न होऊन भोरात आल्या तेव्हा आमच्या दादानं त्यांना हौसेनं टायपिंगच्या क्लासला घातलं. आमची आई म्हणाली, सुनेनं भाकरी थापायच्या का यंत्र बडवायचं? वहिनींनी दोन्ही केलं, आणि दोन्हीकडे तोच ठेका. पुढं दादा गेला. मग वहिनींनी स्टँडजवळ छोटं दुकान टाकलं, टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आणला आणि लग्नपत्रिका करायला घेतल्या. भोर-वेल्ह्यातल्या कितीतरी घरांच्या दोन-दोन पिढ्यांच्या पत्रिका त्यांच्या हातून गेल्या. आमच्याकडची पत्रिका म्हणजे काय ते पुण्याच्या लोकांना समजणार नाही. नवरा-नवरीची नावं त्यात सगळ्यांत सोपी. खरी कसोटी खाली असते. भावकी, मामा, मावश्या, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक आणि अगदी तळाला लहान पोरांची ‘किलबिल’. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाच्या शेजारी, यात चूक झाली की लग्नात एक पंगत रिकामी राहिलीच म्हणून समजा. वहिनींची अशी चूक कधी झाली नव्हती, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या.

मग एके दिवशी त्यांचा जुना कॉम्प्युटर धूर काढून बंद पडला. शेखर पुण्याहून नवा लॅपटॉप घेऊन आला. पोरगा गुणाचा, पण घाईचा. म्हणाला, ‘आई, तुझं ते जुनं ऑफिस सॉफ्टवेअर आता यावर चालायचं नाही. नवीन शिक, नाहीतर दुकान बंद कर आणि पुण्याला चल. गॅलरीत बसून आराम कर.’ वहिनींनी त्याला जेवू घातलं. तो गेल्यावर मला किकवीला घरी फोन केला. ‘भावजी, गॅलरीत बसून म्या काय कबुतरं हाकू? तुमी ह्यातलं जाणता, माजं ऑफिस ह्याच्यात घालून द्या.’

जाणता म्हणजे काय, निवृत्त होईपर्यंत मी एका कचेरीत कॉम्प्युटरचीच देखभाल केली होती. त्यामुळे छाती फुगवून भोरची एसटी पकडली. पहिली फजिती दारातच. वहिनींनी बिस्किटाच्या डब्यातून जुनी सीडी जपून काढली आणि लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती! ‘तोंडच न्हाई व्हय ह्याला? मग खातंय कुठनं?’ बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. मग त्या नव्या सिस्टिमनं जुन्या ऑफिसला दारात उभं करायलाही नकार दिला. मी सेटिंगमध्ये शिरून तिला पटवलं की हे जुन्याच सिस्टिमवर चाललंय असं समज. ऑफिस आत आलं एकदाचं, पण मराठी अक्षरं फुटली. ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा नुसता चिवडा. वहिनींच्या बोटांना ज्या कळफलकाची सवय होती, त्याचा प्रोग्राम तर उघडायलाच तयार होईना. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘अक्षर म्या कधी हुडकत न्हाई भावजी. बोटाखाली असतंय त्ये. आता बोटाखाली कायच न्हाई.’ 

मी मग शहाणपणा केला. जुन्या डिस्कवरच्या फायली काढून नव्या ऑफिसात बदलून घेतल्या, अक्षरं सुधारली आणि वेल्ह्याकडच्या एका घरची पत्रिका त्यावरूनच तयार करून दिली. घाईचं काम होतं, थेट छपाईला गेलं. दोन दिवसांनी दुकानासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून नवरदेवाचे चार मामा उतरले. चौघांनाही झुबकेदार मिशा. थोरल्यानं पत्रिका टेबलावर ठेवली आणि बोट टेकवलं. नव्या ऑफिसनं नावांचे दोन रकाने एकात एक घातले होते, आणि चारही मामा ‘किलबिल’मध्ये जाऊन बसले होते, चिंगी आणि सोनूच्या मधोमध.

‘ताई, आमी किलबिल व्हय?’

मी कपाटामागं सरकलो. वहिनी हातातला चहा खाली ठेवत म्हणाल्या, ‘मामा, भाच्याच्या वरातीत नाचणार का न्हाई?’

‘नाचणार की! म्हंजी काय?’

‘मग लेकरापेक्षा काय येगळं करणार हाय?’

त्या चौघांतला धाकटा असा हसला, की बाकीच्यांना रागावणं जमेना. चहा झाला, पत्रिका पुन्हा छापायची ठरली, मामा गेले. वहिनींचं हसू मात्र टेम्पोबरोबरच गेलं. लॅपटॉप मिटून त्यांनी माझ्यापुढं सरकवला. ‘शेखरला द्या ह्यो. दुसऱ्याचा मान माज्या हातनं घसरायला लागला तर दुकान कशापायी ठिवायचं?’

त्या पुण्याला जाऊन बसल्या तर फार दिवस काढायच्या नाहीत, हे मला तिथंच कळलं. मी लॅपटॉप पिशवीत घातला, पण शेखरला नाही दिला. किकवीला नेला आणि नोकरीत कधीतरी केलेली एक युक्ती काढली. नव्या कॉम्प्युटरच्या आत एक प्रोग्राम टाकायचा, जो जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. त्या सोंगात जुनी सिस्टिम, जुनं ऑफिस, जुना फॉन्ट, जुना कळफलक, सगळं जिथल्या तिथं. बाहेर जग बदलू दे, आत कुणी येत नाही. आठवडाभर खपलो. बायको म्हणाली, एवढं लक्ष कधी आपल्या गिरणीच्या मोटारीकडं दिलं असतं तर!

भोरला जाऊन त्या सोंगाची खिडकी पडद्यावर उघडून दिली. वहिनींनी चष्मा लावला, बोटं ठेवली, आणि पडद्याकडं न बघता टाइप केलं. अक्षरं अखंड उमटली. रकाने सरळ, मामा मामांच्या जागी. मी त्यांना आतलं गणित समजावून सांगू लागलो, तर मला मध्येच तोडून म्हणाल्या, ‘कळलं! सासरच्या घरात माह्येराची खोली.’ मग इतक्या मोठ्यानं हसल्या, की शेजारचा रसवंतीवाला बघायला आला. मला लई म्हणजे लईच आनंद झाला. नोकरीत इतकी मशिनं नीट केली, पण असं कुणी हसलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी तीन लग्नसराया काढल्या. शेखरनं पुन्हा पुण्याचं नाव काढलं नाही. उलट सुट्टीला आला की गल्ल्यावर बसायचा.

तेरावा झाल्यावर आम्ही दोघं दुकान आवरायला गेलो. कुलूप काढतोय तोच गुंजवण्याचा एक शेतकरी आला. मुलीची पत्रिका वहिनींकडं छापायला टाकली होती, लग्न जवळ आलं होतं. मी लॅपटॉप सुरू केला. वहिनी ती आतली खिडकी कधीच पुरती बंद करत नसत. ‘आहे तसं ठेवा’ हा पर्याय त्यांना फार आवडायचा. उघडली, तर पत्रिका अर्धी टाइप केलेली, ‘स्वागतोत्सुक’खाली दोन नावं, आणि तिसऱ्याच्या जागी कर्सर लुकलुकत होता.

‘पुढचं नाव?’ मी विचारलं.

‘ताईंचं घाला. माज्याबी लगनाची पत्रिका त्यांचीच.’

‘अहो, मग वर आशीर्वादात घालू. कै. लावून.’

‘कै. नगं. मांडवाच्या दारात हुबं ऱ्हायचंय त्यांना.’

शेखरनं तोंड फिरवलं. मी एकेक कळ शोधत नाव टाइप केलं.

गेल्या आठवड्यात त्या लग्नाला गेलो होतो. दारात अत्तर लावून घेत उभा होतो, तेवढ्यात वरच्या वाडीवरचा एक म्हातारा पत्रिका हातात घेऊन आला. इकडं तिकडं पाहिलं आणि मलाच विचारलं, ‘मालनताई कुठं दिसंनात? नाव तर हाय हितं.’

‘आत हायत,’ मी म्हणालो. ‘पंगतीकडं बघतायत.’

‘व्हय, त्या कुठल्या बसतायत,’ असं म्हणून तो हसला आणि आत गेला.