केशवला कुठे ठेवायचे?

केशव गेल्याचे त्याच्या मुलाने, विलासने, फोनवर सांगितले तेव्हा मी सानगडीच्या बाजारात वांगी निवडत होतो. मी विचारले, "कोणता केशव?" माझ्या ओळखीत केशव एकच. शाळेत एका बाकावरचा. पुढे आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरेही लागून, एकाच तलावाच्या पाण्यावरची. विलास म्हणाला, "काकाजी... बाबा." मी तसे का विचारले, याचा उलगडा मला आजही होत नाही. त्यानंतर दोन-तीन दिवसांत जे घडले, त्याचा तर मुळीच नाही.

केशव राइस मिलचा फिटर होता. नागपूरच्या एका मालकाने मादागास्करमध्ये गिरण्या बसवण्याचे काम घेतले, त्यात तो तरुणपणी तिकडे गेला. थोड्या दिवसांसाठी गेलेला माणूस केस पिकल्यावर परतला. मधल्या काळात दोन-तीन वर्षांनी एकदा महिनाभर येई, तेवढेच. कायमचा आला त्या संध्याकाळी तलावाच्या पाळीवर गाव जमले. "सिंह पाह्यला का गा?" कोणीतरी विचारले. "तिथं सिंह नाई." "मंग हत्ती?" "तोही नाई." "बाप्पा! मंग एवढ्या दूर गेला कायले?" केशव शांतपणे म्हणाला, "भात खाले." लोक हसले आणि पांगले. आपली फसवणूक झाली, असेच बहुतेकांना वाटले असावे.

पुढे त्याने तो देश मला तुकड्यातुकड्यांनी सांगितला. बेट म्हणायचे, पण इतके मोठे की मधल्या पठारावरच्या कित्येकांनी जन्मात समुद्र पाहिलेला नसतो. पूर्वेच्या किनाऱ्यावर सतत पाऊस आणि वादळे. पश्चिमेला कोरडा मुलूख, तिथली झाडे रांजणासारखी पोट सुटलेली. माती लाल. उघड्या पडलेल्या डोंगरांवरून ती वाहत नद्यांत उतरते आणि नदीच्या मुखाशी समुद्रही लाल दिसतो. माणसांचे चेहरे धड आफ्रिकेचे नाहीत, धड आपले नाहीत. त्यांचे पूर्वज फार पूर्वी पूर्वेकडच्या बेटांवरून होड्यांतून आले आणि भातही आपल्याबरोबर घेऊन आले, असे म्हणतात. चिखलणीसाठी ते वशिंडाच्या बैलांचा कळपच बांधीत घालून तुडवून घेतात. रोपांच्या रोवणीला बायका वाकल्या की, केशव म्हणे, "मांगून पाह्यलं त आपल्याच गावच्या." भात तिन्ही वेळा. भांड्याच्या तळाशी करपलेल्या भातावर पाणी ओतायचे, उकळायचे आणि तेच पाणी जेवताना प्यायचे. इथे आल्यावरही त्याला ते लागे. सुशीलाबाई, त्याची पत्नी, भांडे आदळत म्हणत, "लोकं परदेशातून सोनं आनते. यायनं जळलेला भात आनला!"

एक गोष्ट मात्र त्याने पाळीवर कधी सांगितली नाही. त्या पठारावर माणूस मेला की त्याला घराण्याच्या दगडी कबरीत ठेवतात. काही वर्षांनी, थंडीच्या कोरड्या दिवसांत, कबर उघडतात. हाडे बाहेर काढून नव्या रेशमी वस्त्रात गुंडाळतात, वाजंत्री लावून खांद्यावर घेऊन नाचतात. आणि मृताला घरच्या बातम्या सांगतात... कोणाचे लग्न झाले, कोणाला मूल झाले, पीक कसे आले. मग पुन्हा आत ठेवतात. केशवच्या घरमालकाच्या वडिलांना असे काढले, तेव्हा त्या गुंडाळीचे एक टोक केशवच्या खांद्यावर होते. मी विचारले, "भीती नाई वाटली?" तो म्हणाला, "काहून वाटन? सारे हासून राह्यले होते." थोड्या वेळाने म्हणाला, "मले नदीत नको सोडू देजो गा. एका जागी ठेवा म्हन. कोनी येऊन खबर त सांगन." मी म्हटले, "मस्करी करून राह्यला का?" "तुले काय वाटते?" एवढेच बोलून तो उठला. मी पुन्हा विचारले नाही.

त्याची आई गेली तेव्हा तो तिकडे होता. निरोप पोचून तो येईपर्यंत अस्थी पवनीला वैनगंगेत सोडून झाल्या होत्या. मी त्याला घाटावर घेऊन गेलो. तो पाण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "यात कोन्या जागी हाय?" वैनगंगा त्या दिवशी भरून वाहत होती.

आता केशवची राख सावडल्यावर अस्थींचे गाडगे पांढऱ्या कापडाने बांधून अंगणातल्या लिंबाला टांगले. पवनीसाठी गाडी ठरली होती. तेव्हा मी केशवचे बोलणे, त्या कबरी उघडण्याच्या रीतीसकट, सर्वांसमोर सांगितले. सुशीलाबाई चकित झाल्या. "अवं बाई! मले त वेगळंच सांगतलं, भाऊजी. आईच्या मांगं पवनीलेच सोडजा, म्हने." विलासने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आता तुमीच सांगा, काकाजी. तुमी म्हनान तसं करू." एकाच माणसाने दोन तोंडी दोन इच्छा सांगून ठेवल्या होत्या. दोन्ही खऱ्या असाव्यात. त्याला आईजवळही जायचे होते आणि आई जशी हरवली तसे हरवायचेही नव्हते. की पत्नीला पटेल ते त्याने तिला सांगितले आणि मला पटणार नाही ते मला? अखेरीस म्हणालो, "पवनी."

विलास गाडगे काढायला पुढे झाला. सुशीलाबाई म्हणाल्या, "थांब जरासा." त्यांनी आतून नव्या लुगड्याचा पदर फाडून आणला, गाडगे सोडवून त्यातल्या मूठभर अस्थी त्या तुकड्यात बांधल्या. विलास पवनीला गेला. त्या माझ्याबरोबर शेतात आल्या. केशवच्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, मी खड्डा केला, पुरचुंडी ठेवली, माती लोटली, वर एक दगड ठेवला. त्या दगडाकडे पाहत त्यांनी विचारले, "कितीक वर्षांनं काढाचं, भाऊजी?"

हे मी केशवला कधी विचारलेच नव्हते. आमच्यापैकी तेव्हा कोण असेल, हेही सांगता येत नव्हते. मी म्हणालो, "पाहू."

आता उन्हाळी धानासाठी तलावाचे पाणी सुटले आहे. बांधीवर जाताना तो धुरा वाटेतच लागतो. परवा मी दगडापाशी थांबलो. पाणी सुटले, एवढी खबर त्याला सांगितली... आणि मग कशाची तरी वाट पाहत तिथेच उभा राहिलो.