उद्यमनगरात घडलेली बॅकप्लेट

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत असे. समुद्री गोगलगायींची चित्रं फळ्यावर काढून दाखवण्यात बारा-तेरा वर्षं गेली होती आणि जिवंत गोगलगाय मी एकही पाहिली नव्हती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, पस्तिशी उलटल्यावर, मी मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकले. नखाएवढा, जांभळ्या काठाचा तो जीव खडकाच्या कपारीत पहिल्यांदा दिसला तेव्हा मुखवट्याच्या आत मला रडू आलं. पुढची चार-पाच वर्षं दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी मालवणातच जायची.

एक अडचण मात्र सुटत नव्हती. माझी उंची पाच फुटांना एक इंच कमी. भाड्याने मिळणारी डायव्हिंगची जॅकेटं मात्र धिप्पाड पुरुषांच्या मापाची. पाण्याखाली वरही जायचं नाही आणि तळालाही टेकायचं नाही, मधेच तरंगत राहायचं, यासाठी त्या जॅकेटात हवा भरायची किंवा सोडायची असते. मी हवा भरली की जॅकेट कानापर्यंत वर चढे. पाठीवरचा सिलिंडर कधी उजवीकडे झुके, कधी डावीकडे. कमरेला बांधलेल्या शिशाच्या वजनांनी पाय खाली ओढले जात, पायांत घातलेले रबरी पंख तळाला लागत आणि गाळाचा ढग उठे. ढग बसेपर्यंत गोगलगाय कुठे होती हेच सापडत नसे.

मालवणचे माझे डायव्हिंगचे शिक्षक फार कमी बोलायचे. एकदा होडीत बसल्यावर ते म्हणाले, "तुमच्या पोहण्यात खोट नाही. तुमच्या अंगावरचं सामान चुकीचं आहे."

मग त्यांनी मला विंग आणि बॅकप्लेट हा प्रकार समजावला. पाठीला स्टीलची एक प्लेट. त्या प्लेटच्या आणि सिलिंडरच्या मधे घोड्याच्या नालासारखी वळलेली हवेची पिशवी, तिलाच विंग म्हणायचं. छातीवर काहीच नाही, फक्त पट्टे. प्लेटचं वजन पाठीवर येतं म्हणून कमरेचं शिसं कमी होतं आणि माणूस पाण्यात आडवा राहतो.

"पण ती प्लेट एकाच मापाची येते," ते म्हणाले. "तुमच्या कमरेखाली टोचेल. विंग बाहेरून मागवा. प्लेट कुठे करून मिळते का बघा. तुमच्या कोल्हापुरात काय होत नाही?"

सायबर कॅफेत बसून मी मिळतील तेवढी चित्रं आणि मापं छापून घेतली आणि ते कागद घेऊन, कारखाने आणि वर्कशॉपांनी भरलेल्या आमच्या उद्यमनगरात गेले. तिथले एक मिस्त्री माझ्या ओळखीचे होते. आमच्या प्रयोगशाळेतली मासे ठेवायची स्टीलची टाकी त्यांनी केली होती आणि ती कधी एक थेंबही गळली नव्हती. पन्नाशीचे, सडपातळ, कानामागे कायम पेन्सिल. शेडच्या मागच्या बाजूलाच त्यांचं घर होतं.

कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "म्याडम, चित्र ऱ्हाऊ द्या. ही वस्तू काय काम करती त्ये सांगा."

मी सांगायला लागले. ते मधेच थांबवून प्रश्न विचारायचे. हवा कुठून जाते? सिलिंडर रिकामा झाला की हलका होतो का? माणूस उलटा झाला तर पट्टा सुटतो का? अर्ध्या तासात त्यांनी जे विचारलं त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला मालवणला फोन करून विचारावी लागली.

विंगचा प्रश्नही त्यांच्याच शेडमध्ये सुटला. माझी मामेबहीण सिंगापूरहून येणार होती आणि ती विंग आणायला तयार होती. पण कोणती? माझ्यासमोर दोन होत्या, एक लहान आणि एक जवळजवळ दुप्पट हवा मावणारी. मी मोठीकडे झुकले होते. जास्त हवा म्हणजे जास्त सुरक्षित, असा माझा सरळ हिशेब.

"पवायला कशावर शिकला तुमी?" मिस्त्रींनी विचारलं.

"टँकवर. पोहण्याच्या तलावात."

"मी हिरीत शिकलो. पाठीला वाळका भोपळा बांधून. थोरल्या भावाचा भोपळा माझ्या पाठीला बांधला की मी पालथा पडायचो, तोंड पाण्यात. माझ्या अंगाला माझा भोपळा लागायचा." त्यांनी कागदावरच्या मोठ्या विंगवर बोट ठेवलं. "ही निम्मी रिकामीच ऱ्हाणार. रिकामी पिशवी पाण्यात फडफडती आन् हवा एका कोपऱ्यात जाऊन बसती. तुमाला उचलायला किती लागती त्ये मोजा, त्याच्या वर थोडी ठेवा. बास की."

मी संध्याकाळी मालवणला फोन केला. शिक्षक म्हणाले, "एकच सिलिंडर, पातळ सूट, तुमचं अंग एवढंसं. लहानच घ्या. हे तुम्हाला सांगितलं कोणी?" मी म्हटलं, "एका फॅब्रिकेटरनं. त्यांनी समुद्र लांबून एकदाच पाहिलाय."

विंग आली. तिच्या मधोमध दोन भोकं होती, एकमेकांपासून अकरा इंचांवर. प्लेटला त्याच अंतरावर भोकं पाहिजेत, नाहीतर दोन्ही एकत्र बसणारच नाहीत. म्हणजे माझ्यासाठी प्लेट हवी तेवढी आखूड करता येणार नव्हती. मिस्त्रींनी ती विंग दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी मी गेले तर ते म्हणाले, "भोकं हालवायची न्हाईत. वरचा भाग कापायचा आन् खांद्याच्या पट्ट्यांच्या खाचा खाली घ्यायच्या. पण त्याला तुमच्या पाठीचं माप पायजे."

हे म्हणताना त्यांनी मान खाली घातली आणि घराकडे वळून बायकोला हाक मारली.

काकू हात पुसत आल्या. मला आत घेऊन गेल्या, दार लावलं, आणि एक जाड पुठ्ठा पाण्यात भिजवून माझ्या पाठीवर दाबून धरला. "सरळ उभ्या ऱ्हावा म्याडम. पोट आत वढू नका, पाण्यात कोण बघतंय तुमाला," त्या म्हणाल्या. खांद्याची हाडं जिथे टोचली तिथे त्यांनी पेन्सिलीनं गोल केले. मणक्याची रेघ ओढली. मग मला ओणवं व्हायला सांगून पुन्हा तेच केलं, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी पाण्यात उभी राहणार नव्हते, आडवी असणार होते. हे ना मला सुचलं होतं, ना मिस्त्रींना.

प्लेट करायला त्यांनी तीन आठवडे घेतले. कॉलेज सुटलं की मी तिथे जाऊन बसायची. तीन मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस पत्रा, मणक्याच्या रेघेवर दोन बाजूंना वाकवलेला. वाकवताना त्यांनी पत्र्याच्या तुकड्यांवर आधी सहा वेळा कोन करून पाहिला आणि प्रत्येक तुकडा काकूंच्या पुठ्ठ्यावर ठेवून तपासला. पण मला खरं थक्क केलं ते त्यांच्या कडा घासण्यानं. पट्टे ज्या खाचांतून जाणार होते त्या प्रत्येक खाचेच्या आतून ते कापसाचा बोळा फिरवत. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा कानस घेत, मग पॉलिशपेपर, मग पुन्हा कापूस. मी म्हटलं, "मिस्त्री, एवढं कोण बघणार आहे?"

"पट्टा बघतोय की," ते म्हणाले. "पाण्याखाली पट्टा तुटला तर तुमी मला फोन करणार हाय का?"

मी तेव्हा हसले. पण रोज वर्गात जाऊन तेच तेच शिकवणारी मी, त्या खाचांकडे पाहून मनातल्या मनात ओशाळले होते.

प्लेट तयार झाल्यावर त्यांनी ती काट्याला टांगून वजन केलं, मग तशीच टांगलेली पाण्याच्या पिंपात बुडवून पुन्हा केलं. बाहेर दोन किलो चारशे, पाण्यात जेमतेम दोन किलो शंभर. "पाणी तेवढं उचलतंय," ते म्हणाले. "म्हणजे कमरेचं शिसं दोन किलोनं कमी करा, अडीच किलोनं नको." बॅकप्लेटविषयी वाचलेल्या कुठल्याच कागदावर मला हे इतक्या साध्या शब्दांत सापडलं नव्हतं.

पहिली चाचणी विहिरीत झाली. कागलजवळ काकूंच्या माहेरी दगडी पायऱ्यांची मोठी विहीर होती. मालवणहून शिक्षक स्वतः जीपमध्ये दोन सिलिंडर घालून आले. घाट चढून इतक्या लांब ते का आले, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आल्या आल्या त्यांनी प्लेट हातात घेऊन सगळ्या खाचांवरून अंगठा फिरवला.

आम्ही दोघे पाण्यात उतरलो. साधारण दहा फुटांवर मी विंगमध्ये दोन फुंकरींएवढी हवा घेतली आणि थांबले. काहीच हललं नाही. सिलिंडर पाठीशी एकजीव, पाय वर, अंग सपाट, कानाशी काही नाही. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. शिक्षकांनी समोर येऊन माझ्याकडे पाहिलं आणि हाताची घडी घातली. पाण्याखाली हाताची घडी घालणं म्हणजे त्यांच्याकडून मोठीच शाबासकी होती.

वर आले तर मिस्त्री शेवटच्या पायरीवर उकिडवे बसलेले. कसं वाटलं वगैरे त्यांनी विचारलंच नाही. "डावा खांदा वर ऱ्हातोय तुमचा," ते म्हणाले. "पट्टा बोटभर ढिला करा." हिरव्या पाण्यातून, वरून पाहून त्यांना ते दिसलं होतं. पट्टा ढिला केला आणि ते बरोबर निघालं.

त्या दिवाळीत मालवणला मी एका कपारीसमोर वीस मिनिटं स्थिर राहिले. गाळाचा कण उठला नाही. दोन गोगलगायी एकमेकींच्या मागोमाग चालल्या होत्या आणि त्या अंडी घालू लागल्या, पांढऱ्या फितीसारखी, गोल गोल. पाण्याखाली लिहिता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाटीवर मी पेन्सिलीनं नोंदी केल्या. पुढे विद्यार्थ्यांना शिकवताना फळ्यावर मी तीच फीत काढत आले.

पण हंगाम संपताना प्लेटवर तपकिरी ठिपके दिसायला लागले. थोडेच होते, घासले की जात, आठवड्यात परत येत. मी ते मिस्त्रींना दाखवायचं टाळत होते. शेवटी काकूंनीच विचारलं, "त्ये पाठीचं कसं चाललंय?" आणि मला खोटं बोलता आलं नाही.

मिस्त्रींनी प्लेट उन्हात धरली. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "पत्रा आपल्या गोड्या पाण्याचा वापरला. दुधाच्या टाकीला चालतोय त्यो. खाऱ्या पाण्याला येगळा लागतो, तीनशे सोळा नंबरचा. मी समुद्र धरलाच न्हवता मनात."

मी म्हटलं, हे ठिपके काही बिघडवत नाहीत, चालतंय तसं चालू दे. त्यांनी ऐकलं नाही. तो पत्रा कोल्हापुरात सहज मिळत नसे, म्हणून ते स्वतः पुण्याला जाऊन तुकडा घेऊन आले आणि पुन्हा तीन आठवडे, पुन्हा तोच पुठ्ठा, तोच कापूस. या वेळी त्यांनी वरच्या दोन्ही कोपऱ्यांना थोडी जास्त गोलाई दिली. पहिल्या प्लेटमुळे माझ्या डाव्या दंडावर घट्टा पडला होता आणि तो त्यांनी मी न सांगता पाहिला होता. दुसऱ्या प्लेटवर ठिपका आला नाही. मी आजही तीच वापरते.

शिक्षकांनी नंतर स्वतःसाठी आणि त्यांच्याकडच्या दोन डायव्हर्ससाठी प्लेटा करायला सांगितल्या. फोनवरून मापं देतो म्हणाले. मिस्त्रींनी साफ नकार दिला. "माणूस पाठवा," एवढंच माझ्यामार्फत कळवलं. तेव्हा ते तिघे एका रविवारी सकाळी मालवणहून उद्यमनगरात आले. शिक्षक खोलीच्या मधोमध उघड्या अंगानं उभे राहिले, मिस्त्रींनी भिजलेला पुठ्ठा त्यांच्या रुंद पाठीवर दाबला, आणि दारात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या काकू तिथूनच सूचना देत होत्या.

"आता वाकवा त्यांना," काकू म्हणाल्या. "आन् श्वास सोडून ऱ्हावा म्हणावं."

समुद्रात कोणाचंही न ऐकणारा तो माणूस निमूटपणे वाकला.