मुलांची बाजू, मुलींची बाजू

त्या आठवड्यात अँब्रोझ वापासचं कशातच मन लागेना. चहा ओतायचा आणि प्यायचा विसरायचा. दार उघडून नुसता उभा राहायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण पायाला भिंगरी लागल्यागत नदीकाठच्या बंद शाळेकडे दिवसातून तीन-तीन खेपा घालायचा. शाळेची मोठी इमारत कधीच जळून गेली होती. उरलं होतं ते तिचं प्रार्थनेचं चॅपेल, आणि सोमवारी तेही पाडायचं असं वस्तीच्या पंचायतीत एकमतानं ठरलं होतं. अँब्रोझनंही हात वर केला होता. तरी चैन नव्हती.

त्या चॅपेलची वीट न् वीट त्याला ठाऊक होती. १९२९ साली पाद्र्यांनी नदीची माती तुडवायला घराघरांतून उचलून आणलेल्या क्री आदिवासी मुलांनाच लावलं. त्यात अँब्रोझचे वडील होते. विटा नीट भाजल्याच नाहीत. पहिल्याच हिवाळ्यात उत्तरेची भिंत फुगली, मग तिच्या खिडक्या बुजवून बाहेरून आधाराचे तीन धिरे बांधावे लागले. छप्पर मात्र कुणा कसबी सुताराचं काम: उभ्या चढाचं, बर्फ साचू न देणारं, आतल्या तिकोनी कैच्या लाकडी मेखांनी जोडलेल्या. शाळा बंद पडल्यावर तीस वर्षं अँब्रोझनं त्या छपराची डागडुजी केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

"मेल्या, ज्या घरानं आपल्याला गिळलं, त्यालाच तू औषधपाणी करत बसलास," त्याची थोरली बहीण फिलोमीन म्हणायची. ती त्या वाटेनंसुद्धा जात नसे.

आत मधोमध, दारांपासून वेदीपर्यंत, पुरुषभर उंचीची फळ्यांची भिंत होती. ती मूळची नव्हे. प्रार्थनेत भावंडं एकमेकांना खुणा करतात, बंदी असलेल्या आपल्या भाषेत ओठ हलवतात, हे पाद्र्यांच्या लक्षात आलं, तेव्हा १९४८ साली ती घातली. मुलं दक्षिणेला, मुली उत्तरेला, दारंही निराळी. अँब्रोझला सहाव्या वर्षी तिथं आणलं ते पुढच्याच साली. पाच वर्षांत त्यानं बहिणीला जेमतेम पाहिलं, पहिली दोन वर्षं ऐकलं मात्र रोज. ती दोनदा खोकायची, थांबून पुन्हा एकदा. मग तो इकडून बूट जमिनीवर घासायचा.

रविवारी सकाळी तो पहार घेऊन आत शिरला. पंचायतीत काम करणारी डोना आवाज ऐकून धावत आली.

"काका, उद्या मशीन येतंय की! कशाला घाम गाळताय?"

"मशीन सगळं एकदम पाडेल. ही आधी पडायला हवी. तू जा, फिलोमीनला घेऊन ये. नाही म्हणाली तरी आण."

अर्ध्या फळ्या निघाल्या तेव्हा फिलोमीन बाहेर येऊन उभी राहिली. काठी आपटत म्हणाली, "कुठल्या दारानं येऊ?"

"तुला हव्या त्या."

ती मुलांच्या दारानं आली. बाकावर बसली, मान वळवून पाहत राहिली.

"तुमच्याकडे उजेड होता रे, चोरा. आमच्या बाजूला नुसती भिंत."

अँब्रोझला बसवेना. इकडून तिकडे दोन फेऱ्या मारून त्यानं शेवटी विचारलं, "ताई, तू खोकायचीस ते मलाच ना?"

फिलोमीननं मान हलवली.

"नाही रे. मला खोकलाच होता. दोन वर्षं."

त्याच्या हातातली पहार खाली गेली.

"आणि बूट घासायचास तो तू होतास?" ती म्हणाली. "ऐकू यायचं मला. पण तिकडे साठ पोरं. तूच आहेस हे कसं कळणार?" मग काठी बाकाला टेकवून ती उठली. "दे ती पहार इकडे."

"तुला उचलायची नाही."

"दे म्हणते ना!"

एक्क्याऐंशीव्या वर्षी तिला खरंच उचलेना. दोघांनी मिळून धरली. उरलेल्या फळ्या निघायला दुपार झाली.

सोमवारी भिंती तासाभरात आडव्या झाल्या. छप्पर तेवढं हटून बसलं होतं, मेखा सुटेनात. ते कोसळलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जण रडले. अँब्रोझनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

त्याची तगमग गेली असं नाही. आता तो रोज दुपारी फिलोमीनकडे जातो. मूस हरणाच्या मांसाचा रस्सा उभ्याउभ्याच संपवतो आणि ती ओरडते, "अरे, बूड टेकव की जरा, खुर्ची चावते का?"