पुठ्ठ्याच्या खेळाडूचं नारिंगी पाणी

परवा कुणीतरी पाण्यात नारिंगी पावडर ढवळली आणि त्या आंबटगोड वासाने मला नाशिकमधलं कॉलेजचं पहिलं वर्ष आठवलं. माझ्या खोलीखालच्या दुकानाच्या दारात एका क्रिकेटपटूचा माणसाएवढा पुठ्ठा उभा असे, घामेजलेला, हसरा, हातातली नारिंगी पेयाची बाटली माझ्याकडेच धरलेला. मागच्या चित्रात सोबत्यांनी त्याला खांद्यावर उचललं होतं. शहरात माझ्याशी फारसं कुणी बोलत नसे. ते पेय हातात दिसलं तर मैदानावरची मुलं मलाही खेळायला घेतील, असं मला खरंच वाटलं. बाटली घेऊन मी रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहायचो. कुणी हाक मारली नाही. सुट्टीत उरलेली बाटली पिशवीतून घरी, घोटीला आली. आईने झाकण उघडून वास घेतला आणि तिचा चेहराच उतरला, कारण आमच्याकडे असलं पाणी जुलाब झालेल्यालाच देतात. "आजारी व्हता का रे तू? येकट्यानंच दुखनं काढलं? सांगितलं बी नाय!" म्हणत तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. हे खेळाडू पितात, असं मी सांगणार होतो. पण तो हात निघू नये म्हणून नुसती होकारार्थी मान हलवली. ते अगदीच खोटं नव्हतं, असं आता वाटतं.