धुऱ्याच्या जागी आत्या

गयाआत्या गेली हे मला आखाडा बाळापूरच्या बाजारात कळलं. तिचेच तीळ आणि अंबाडीचं बी विकायला मी तिथे बसले होते. सकाळी निघाले तेव्हा ती अंगणात बाजेवर पडून होती. अंग तापलेलं, पण तोंड चालूच. "तीळ सस्त्यात फुकून येऊ नको. आन् येताना तंबाखू आण," एवढं बोलून तिने कूस बदलली. साधा ताप... उन्हाळ्यात कोणाला येत नाही? तंबाखू मी आल्या आल्या घेऊन पदराला बांधली होती. दुपारी रहमानचाचा आले. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, तीन पिढ्यांचा शेजार. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "यमुना, टोपली उचल बेटा. घरी चल." मी म्हटलं, "काहून चाचा? आजून निम्मा माल हाय." ते माझे तीळ स्वतःच पोत्यात भरायला लागले. निम्मे तीळ खाली सांडले, आणि सांडलेले तीळ वेचायलाही ते थांबले नाहीत, तेव्हा मला समजलं.

आता दीड-दोन महिने झाले. लोक म्हणतात, सुटली बिचारी. कशातून सुटली, ते मात्र कोणी सांगत नाही. मी तिला रोज पाहिलेली आहे, ती कशातच अडकलेली नव्हती. उलट दोन घरं तिच्यात अडकलेली होती, आणि मीही.

आत्या म्हणजे माझ्या आबांची, वडिलांची, आणि काकांची मोठी बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा पटकीनं गेला आणि ती माहेरी आली ती कायमचीच. निंदण, कापूस वेचणं, ज्वारी खुडणं, गुरांचं पाणी, सगळं तिच्या अंगावर. आजोबा पाहुण्यांना सांगायचे, "माझा थोरला लेक ह्योच." पण आजोबा वारले, वाटणी झाली, तेव्हा या थोरल्या लेकाला कोणी विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. आबांनी शेताचे दोन वाटे पाडले, काकांनी वरचा उचलला. बैल, भांडी, कडब्याची गंज, बाभळी, सगळ्याचे दोन दोन भाग झाले. पोरीबाळींना साडी-चोळी, ती तेवढी आत्याला मिळाली. तिने साडी खांद्यावर टाकली आणि विचारलं, "आन् मी कोणाच्या वाट्याला आले?" सगळे हसले. मी तेव्हा लहान होते, मीही हसले. आत्या काही हसली नव्हती.

दोन वाट्यांच्या मधे धुरा घातला. धुरा म्हणजे मातीचा बांध, दुसरं काय? पण त्या हातभर मातीनं दोन वर्षांत घराचं वाटोळं केलं. काकांनी नांगरताना आपल्या बाजूनं थोडा कोरायचा, आबांनी आपल्या बाजूनं थोडा कोरायचा, आणि दोघांनी गावभर सांगत सुटायचं की भाऊ माझी जमीन खाऊन राहिला. माझी आई आणि काकी एका विहिरीवर जात, पण एकमेकींच्या सावलीलाही उभ्या राहत नसत. शेवटी एका वैशाखात दोघे भाऊ धुऱ्यावरच भिडले. काकांच्या हातात कुऱ्हाड होती. रहमानचाचा धावत आले, आणखी चार माणसं आली, पण कुऱ्हाडीच्या पुढे जाऊन बसली ती आत्या. चक्क धुऱ्यावर मांडी घालून बसली. "मोडा हा धुरा," म्हणाली. "मधी मला द्या. इकडून पेरायच्या तिफणीची एक फेर, तिकडून तिफणीची एक फेर. तेवढी माझी पट्टी. मी पेरीन, मी खाईन. कोणाला बहिणीची जागा कोरायची हाय त्यानं कोरावी, मी बघते." मग रहमानचाचा म्हणाले, "बराबर बोली बाई. भैन की जगा कौन खाता बावा?" काकांनी कुऱ्हाड खाली ठेवली. त्याच दिवशी दोघांनी मिळून धुरा मोडला. धुऱ्याच्या जागी आत्या आली.

आणि खरंच त्यानंतर भांडण झालं नाही! काकांचं औत पट्टीपाशी आलं की वळायचं, आबांचंही वळायचं. बायकांनी नांगराला हात लावायचा नाही अशी रीत, आणि भावांचं औत पट्टीत शिरायचं नाही, म्हणून मृगाआधी दोघे भाऊ पट्टीची आपापली बाजू तिला कुदळीनं खणून द्यायचे, आणि कोणी जास्त नीट खणली यावर तिच्याकडून शाबासकी मागायचे. "दोघंबी सारखेच आळशी," असं ती सांगायची. त्या पट्टीत तिने काय लावलं नाही? तीळ, अंबाडी, चवळी, कारळं, भेंडी, कडेला झेंडू. आई इकडून भाजी तोडायला यायची, काकी तिकडून. दोघींचा अबोला तसाच, पण बोलायची सोय झाली. आई म्हणायची, "बाई, तिला सांगा, लेकराला खोकला झालाय तर अडुळसा द्या म्हणावं." काकी चार हातांवर उभी. ती म्हणायची, "बाई, त्यांना सांगा, कालपासून देऊनच राहिले." आत्या निंदत निंदत म्हणायची, "मी बहिरी न्हाई गं, आन् तुमीबी न्हाई." हळूहळू आत्याला मधे घ्यायची गरज कमी होत गेली.

मला वाशीमला दिलं होतं. नवऱ्यानं दुसरी केली. त्या घरातून मी काय आणलं असेल तर सासऱ्यांनी शिकवलेलं लिहिणं-वाचणं, एवढंच. मला आणायला आत्याच आली, कनेरगाव नाक्यापर्यंत गाडी घेऊन. आबा-काका लाजेपायी आले नाहीत, ही आली. मी तिला पाहून गळा काढला तर म्हणाली, "रड, पण गाडीत बसून रड. बैल तहानलेत." वाटभर तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मला पट्टीवर घेऊन गेली आणि खुरपं हातात दिलं. "हितं कोणी तुला बस म्हणायचं न्हाई आन् ऊठबी म्हणायचं न्हाई," म्हणाली. माहेरी परत आलेल्या पोरीला या वाक्याची किंमत कळते. घरात आई प्रेमानं वाढायची, पण वाढताना उसासा टाकायची. पट्टीवर उसासा टाकणारं कोणी नव्हतं.

मग एकदा दोघा भावांच्या समोर, शेंगा फोडता फोडता, ती सहज बोलली, "माझ्यामागं ही पट्टी यमुनाची." आबा म्हणाले, "व्हय." काका म्हणाले, "तिचीच की." मी नंतर तिच्या मागे लागले, पटवाऱ्याकडून काही लिहून घेऊ. तिने मला वेड्यात काढलं. "कागद कशाला गं? मी बसले तवा कागद घेऊन बसले होते का? तूबी बस." तिचा सगळा हिशेब बसण्याचा होता. ती बसू शकत होती, कारण ती मोठी बहीण होती, तिने दोघांना कडेवर खेळवलं होतं. मी कोणाची मोठी बहीण नव्हते... हे तिच्या लक्षात आलं नाही. तिला वाटलं, जागा माणसाला धरून ठेवते.

तेराव्याला दोघे भाऊ एका ताटात जेवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घास तोंडात आणि डोळ्यांतून पाणी. काका मोठ्यानं रडत होते, "बाई गेली रे दादा, आता आपल्याला कोण?" मला तेव्हा बरं वाटलं, खोटं का सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे दोरी घेऊन शेतात गेले, मागोमाग मी. पट्टीवर दोरी ताणली आणि मधोमध खुंट्या ठोकल्या. आबा म्हणाले, "तू हातभर जास्त घे, तुला लेकरं जास्त." काका म्हणाले, "न्हाई दादा, बाईला तूच सांभाळलं. तूच घे." एवढी माया! कुऱ्हाड काढून भांडले त्याच जागेवर हे दोघे एकमेकांना जमीन घे घे करत होते. मी म्हटलं, "आबा, आत्या म्हणली होती ना..." आबांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी प्रेमानं पाहिलं. "म्हणली होती बाई. पण तुला काय कमी हाय माझ्या घरात?" काका म्हणाले, "पोरी, भाजी लागली तर कोण्याबी बाजूनं तोडून नेत जा. कोणी तुला न्हाई म्हणणार न्हाई."

"मी कोण्या बाजूची हाय काका?" मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. दोघेही वाईट माणसं असती तर मी भांडले असते हो! रहमानचाचा पलीकडे आपल्या शेतात उभे होते, सगळं बघत होते. पूर्वी ते मधे पडले असते. पण यंदा दिवस असे आहेत की निम्मं गाव घाबरून वऱ्हाडात निघून गेलंय, रझाकारांच्या नावानं रोज नवी अफवा उठते, आणि ज्या चाचांनी जन्मभर गावाचे तंटे मिटवले ते आता कोणाच्या तंट्यात शब्द टाकत नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली आणि पाठ फिरवली. मला त्या दिवशी आत्या दुसऱ्यांदा गेल्यासारखी वाटली. खरं तर त्या दिवशीच गेली.

मागच्या आठवड्यात आबा वखरणीला आले. मी मागून धसकटं वेचत होते. वखर पट्टीच्या कडेला आला आणि बैल आपोआप वळायला लागले. वर्षानुवर्षं तिथेच वळायची सवय, त्यांना नव्या खुंट्या काय कळणार? आबांनी कासरा ओढला, हाकारलं, शेपूट पिरगाळली. बैल पट्टीत पाय टाकीनात. थोरला बैल मान खाली घालून नुसता उभा. आबांना घाम फुटला होता, ऊन डोळ्यांत जात होतं, आणि त्यांनी बैलांकडे न बघताच, वळणावर आलं की आत्या निंदायला बसलेली असायची तेव्हा म्हणायचे तसंच, हाक दिली, "बाई, सरक गं जराशी..."

हाक तोंडातून गेली आणि ते थांबले. वखराचं रुमणं धरलेला हात तसाच. मी मागे उभी होते, हातात धसकटं. आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पलीकडे काकांचं औतही थांबलं होतं. मग आबा पुढे गेले, त्यांनी थोरल्या बैलाची वेसण हातात धरली आणि त्याला ओढत ओढत पट्टीवर नेलं.